ठरलेली कुस्ती

आमच्या शाळेतले पैलवान सर मुलांना कुस्ती शिकवत नसत, पडायला शिकवत. जूनमध्ये शाळा उघडली की पाचवीच्या नव्या मुलांना ते मैदानाच्या कोपऱ्यातल्या भुसभुशीत मातीत उभं करत आणि पुढे महिनाभर एकच धडा चाले. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, तळहात जमिनीवर आपटायचा आणि पडायचं. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडायचं. "सर, डाव कधी शिकवणार?" असं कुणी विचारलं की सर म्हणत, "आधी पडायला शिक. पाडायला तर बैलालाही येतं." महिना संपला की कबड्डी, खो-खो, लेझीम. डाव त्यांनी कधीच शिकवले नाहीत. आमच्या शाळेचा संघ तालुक्याच्या कुस्ती स्पर्धेला कधी गेला नाही. मुख्याध्यापकांनी दोन-तीनदा विषय काढला, तेव्हा सर "बघू" म्हणाले आणि हजेरीपट उघडून बसले.

पैलवान हे नाव त्यांना मुलांनीच ठेवलं होतं, त्यांच्या कानांवरून. दोन्ही कान मोडलेले, सुकलेल्या अंजिरासारखे चपटे. मान जाड, छाती रुंद, पण चालणं इतकं हळुवार की वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले तरी कुणाला कळत नसे. सिन्नरकडच्या एका खेड्यातून ते आले होते. तरुणपणी जत्रांमध्ये कुस्त्या मारल्या होत्या एवढंच आम्हाला माहीत होतं. कुणी जास्त खोदून विचारलं, तर म्हणत, "झालं ते. आता शिट्टी वाजवतो."

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. आईला घेऊन नाशिकच्या सिडकोतल्या एका छोट्या घरात भाड्याने राहायला आले, आणि पलीकडच्या घरात पैलवान सर निघाले. मधली भिंत एकच. अंगणातला नळही एकच. सर आणि काकू दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. शाळेत ते मला "मॅडम" म्हणत आणि घरी आल्यावर "पोरी". त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. काकू संध्याकाळी मालिका बघायला आमच्याकडे येत, सर बातम्या आणि क्रिकेटला. दाराजवळची वेताची खुर्ची त्यांची. त्या खुर्चीवर ते असे अंग चोरून बसत, की एवढा मोठा माणूस घरात आहे हे आई कधीकधी विसरूनच जाई.

आता माझं एक गुपित सांगते. त्या दिवसांत केबल नवीन होती आणि एका इंग्रजी चॅनेलवर रविवारी दुपारी परदेशी कुस्ती लागायची. दोऱ्यांनी वेढलेला चौकोन, रंगीत कपडे, फुटणाऱ्या खुर्च्या, आरडाओरडा. मला त्याचं वेड लागलं होतं. आठवड्याचे सहा दिवस मी वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवायचे आणि सातव्या दिवशी पलंगावर मांडी घालून "मार त्याला!" म्हणून ओरडायचे. हिरवा मुखवटा घालणारा एक सडपातळ पैलवान माझा लाडका होता. एक अवाढव्य माणूस होता, त्याला मी डोंगर म्हणायचे. डोंगराने हिरव्या मुखवट्याला आपटलं की मी उशीत तोंड खुपसायचे. एकदा तर रडले. आई म्हणाली, "शिकलेली मुलगी, विज्ञानाची बाई, आणि कसलं हे खूळ? उद्या लग्नाला स्थळ आलं तर काय सांगू, मुलीला मारामारीची आवड आहे म्हणून?"

ही कुस्ती सुरू झाली की सर उठत. "झाडांना पाणी घालून येतो," म्हणत. आमच्या अंगणात झाडं म्हणजे एक कढीपत्ता आणि दोन डब्यांत लावलेली सदाफुली. त्यांना एप्रिलच्या भर दुपारी तासभर कोण पाणी घालेल? माझी समजूत अशी, की खऱ्या मातीत खेळलेल्या माणसाला असला दिखाऊ प्रकार आवडत नसणार. मला थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं, पण टीव्ही मी बंद करत नसे.

एका रविवारी त्यांना खुर्चीतून उठायला उशीर झाला. हातात आईने दिलेला चहा होता. डोंगराने हिरव्या मुखवट्याला डोक्याच्या वर उचललं आणि खाली सोडलं. त्याच क्षणी सरांचा हात टीव्हीकडे झेपावला, पडणाऱ्याला झेलायला जावा तसा. कप फुटला, चहा फरशीवर सांडला. मी वळून पाहिलं तर सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "माफ करा, वहिनी," असं आईला म्हणून ते बाहेर गेले आणि त्या दिवशी परत आलेच नाहीत. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा रविवार मी आवाज अगदी बारीक ठेवून काढला.

माझं वेड उतरवलं ते आठवीच्या एका मुलीने. मी ध्वनीचा पाठ शिकवत होते. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, हे सांगून झाल्यावर ती हात वर करून म्हणाली, "बाई, टीव्हीतल्या कुस्तीत ठोसा मारला की आवाज येतो ना, तो पायाचा असतो. मी बघितलंय." वर्ग हसला. मीही हसले, पण आतून चिडले. घरी आल्यावर ठरवलं की या मुलीला पुराव्यानिशी खोटं पाडायचं. भावाने भाऊबीजेला दिलेला व्हीसीआर होता. रविवारी मी कुस्तीची कॅसेट भरली आणि आई देवळात गेल्यावर रिमोटचं बटण दाबून ती अगदी हळूहळू पुढे सरकवत पाहिली.

मुलीचं बरोबर होतं. मूठ गालाजवळून नुसती जात होती आणि त्याच वेळी मारणाऱ्याचा पाय खालच्या लाकडी फळीवर आपटत होता. आवाज फळीचा. मी पुन्हा मागे नेलं, पुन्हा पाहिलं. ज्याला ठोसा लागलेलाच नाही, तो मान झटकून मागे कोसळत होता. माझा हिरवा मुखवटा, ज्याच्यासाठी मी रडले होते, तो डोंगराच्या खांद्यावर जायला स्वतःच उडी मारत होता! कोण जिंकणार, कोण हरणार, कुणी कधी पडायचं, सगळं आधी ठरलेलं. मी टीव्ही बंद केला. फसवल्याचा राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. मुलांना प्रयोग करून बघा म्हणून सांगणारी मी, तीन वर्षं डोळे उघडे ठेवून काहीच बघितलं नव्हतं.

पुढचे दोन रविवार मी कुस्ती लावली नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी नळावर पाणी भरत होते, तर सर आले.

"पोरी, बरं नाही का तुला? रविवारचा तुझा आवाज येत नाही भिंतीतून."

"सोडलं मी बघायचं, सर."

"का गं?"

मी सगळं सांगून टाकलं. पाय आपटण्याचं, उडी मारण्याचं, सगळं. शेवटी म्हणाले, "तुम्हाला तर पहिल्यापासून माहीत असणार. म्हणूनच तुम्ही उठून जायचात ना?"

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे ते जे पडतात, त्यांना लागत नाही?"

"खरचटत असेल, मुरगळत असेल. पण तसं लागत नाही. दोघांचं ठरलेलंच असतं."

"नक्की?"

"माझ्याकडे कॅसेट आहे."

"दाखव," सर म्हणाले.

त्या दिवशी मला कळलं की सरांनी ही कुस्ती दोन मिनिटंसुद्धा सलग पाहिलेली नव्हती. पाहिली असती तर त्यांच्या नजरेला पहिल्याच ठोशात सगळं दिसलं असतं. ते खुर्ची सोडून टीव्हीसमोर फरशीवर बसले, पडद्यापासून हातभर अंतरावर. मी कॅसेट हळू लावली. पहिल्यांदा त्यांनी डोळे किलकिले केले. मग मान पुढे काढली. "थांबव. मागे घे." मी मागे घेतलं. "हं. पुन्हा."

मला तीन गोष्टी दिसल्या होत्या, त्यांना तीस दिसल्या. "हे बघ, हनुवटी छातीला लावली. बघ, तळहात आपटला. पाठ सगळी एकदम टेकवली, म्हणजे मार वाटला जातो. अगं, हा तर आपल्या पाचवीचा धडा!" मग डोंगर हिरव्या मुखवट्याला उचलण्याआधी एक क्षण दोघं एकमेकांना भिडले होते. सरांनी तिथे बोट ठेवलं. "हात बघ. मोठा त्याचा दंड दाबतोय. सांगतोय त्याला, आता उचलतो, तयार राहा. आणि हा बघ, याने उलटा दाबला. म्हणजे, उचल." तो एवढासा दाब मी कधीच पाहिला नव्हता. सरांनी तो भाग दहा-बारा वेळा बघितला. शेवटच्या वेळी डोंगराने त्याला खाली सोडलं तेव्हा म्हणाले, "बघ, सोडत नाहीये. ठेवतोय."

आणि ते उठून अंगणात गेले.

मी काकूंना हाक मारली. आम्ही दोघी बाहेर आलो तर सर धुण्याच्या दगडावर बसले होते, नळ चालू होता आणि ते तोंडावर पाण्याचे हबके मारत होते. रडणं लपवायला मारतात तसे. काकूंनी नळ बंद केला आणि म्हणाल्या, "सांगा आता तिला. माझ्यापाशी किती दिवस ठेवणार?"

मग सरांनी सांगितलं. त्यांच्या तालमीतला जोडीदार होता निवृत्ती, निफाडकडचा. दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकले, एका ताटात जेवले. एका जत्रेत नेमकी त्या दोघांचीच कुस्ती लागली. निवृत्तीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तालमीत सगळे सरांना दगड्या म्हणत. निवृत्ती आदल्या दिवशी येऊन म्हणाला, "दगड्या, सांभाळून घे. हात-पाय मोडून बोहल्यावर बसवू नको मला." दोघांनी ठरवलं, अर्धा तास खेळायचं, खरा डाव लावायचा नाही, पंच बरोबरीत सोडवतील. अशा ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि लोकांना ती ओळखू येते. दहा मिनिटांत आखाड्याभोवती आरडाओरडा सुरू झाला. "नुरा! नुरा! बांगड्या भरा!" कुणीतरी वहाण फेकली.

"माझं टाळकं फिरलं," सर म्हणाले. "चोवीस वर्षांचं वय. निवृत्तीचा हात माझ्यापुढे आला. मी तो काखेत आवळला आणि ढाक मारली. कमरेवरून फेकला त्याला. तो तयार नव्हता. त्याला वाटलं, दगड्या कशाला फेकतोय? खांद्यावर पडला. तो आवाज अजून ऐकू येतो मला. लोकांनी फेटे उडवले. मला खांद्यावर घेतलं आणि त्याला खाटेवर."

खांदा कायमचा गेला. निवृत्तीची कुस्ती सुटली. सरांनीही त्या दिवसानंतर लंगोट बांधला नाही. लग्नाला गेले नाहीत, पुढे कधी भेटले नाहीत. तीस वर्षं होत आली होती.

"टीव्हीवर कुणी पडलं की मला तोच दिसायचा," सर म्हणाले. "मी म्हणायचो, रोज एवढी माणसं मोडतात आणि लोक टाळ्या कसे वाजवतात? आज कळलं, नाय मोडत. घरी जातात, जेवतात. बरं वाटलं गं पोरी. लय बरं वाटलं." शाळेत शुद्ध बोलणारे सर भावनेच्या भरात गावाकडचं बोलायला लागत.

पुढच्या रविवारी ते स्वतःहून आले आणि खुर्ची टीव्हीकडे ओढून बसले. मी म्हणाले, "सर, आता काय बघायचं त्यात? सगळं खोटंच आहे."

ते म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा पेठकडच्या आश्रमशाळेत होतो. तिथे बोहाडा असतो. माणसं लाकडाचे मोठाले मुखवटे घालून नाचतात. रावणाचं सोंग घेणारा आमच्या शाळेचाच शिपाई. सगळ्या गावाला माहीत. तरी रावण आला की बाया पोरांना पोटाशी धरायच्या. सकाळी तोच शिपाई घंटा वाजवायला यायचा आणि त्याच बाया त्याला विचारायच्या, पाय दुखतात का रे? यात खोटं कुठे आलं? लाव तुझी कुस्ती."

मी लावली. आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मी ती पहिल्यापेक्षा जास्त मजेत बघायला लागले. आधी हिरवा मुखवटा हरेल म्हणून जीव टांगणीला लागायचा. आता तो कसा सुंदर हरतो ते बघायचे. सर शेजारी बसून दाद देत. "वा! काय पडला!" जिंकणाऱ्याचं त्यांना कौतुक नव्हतंच. "पाडणारा कुणीही होतो. पडणाऱ्याने आपली मान दुसऱ्याच्या हाती दिलेली असते. मोठा तो." कुणी चुकून खरंच हिसका दिला तर त्यांना लगेच कळे. मग ते रागावत, "अरे गाढवा, हळू! तो तुझ्या भरवशावर आहे!" आई स्वयंपाकघरातून म्हणे, "आता दोघांना खूळ लागलं." पण चहा दोघांना आणून देई.

काकू मात्र आमच्यात बसत नसत. एका रविवारी दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "परदेशातली माणसं धडधाकट घरी जातात म्हणून तुम्हाला आनंद झाला. आणि विंचूरला बसलाय त्याचं काय? तो घरी गेला की नाही, ते कधी बघणार?"

निवृत्ती विंचूरला कांद्याच्या बाजारात काम करतो, हे काकूंना माहेरच्या माणसांकडून कधीच कळलं होतं.  शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, विंचूरला येता का? शिकलेलं माणूस बरोबर असलं की शब्द सापडतात."

एसटीत सर खिडकीशी बसले होते. निफाड गेल्यावर द्राक्षांचे मांडव संपून कांद्याच्या चाळी दिसायला लागल्या, तसे ते पुन्हापुन्हा तळहात धोतराला पुसू लागले. शाळेत पॅंट घालणारे सर त्या दिवशी मुद्दाम धोतर नेसून आले होते.

बाजारात ट्रॅक्टरांच्या रांगा होत्या आणि लिलाव चालू होता. निवृत्ती दिसायच्या आधी आम्ही त्यांना ऐकलं. खणखणीत, सगळ्या आवारात घुमणारा आवाज, एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्याकडे सरकत होता. लिलाव पुकारण्याचं काम ते करत. सर जागच्या जागी थांबले. "तोच," म्हणाले. आणि लगेच, "चल, परत जाऊ."

"सर, आता आलोच आहोत."

"नको. त्याचं काम चाललंय."

तेवढ्यात पुकारा बंद झाला. गर्दीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस आमच्याकडे बघत होता. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली होता. व्यापारी "पुढे चला" म्हणून ओरडत होते, पण तो तसाच आमच्याकडे चालत आला.

"दगड्या," तो म्हणाला. "म्हातारा झालास की रे!"

आम्ही टपरीवर बसलो. सरांना शब्द सापडेनात, आणि ज्या शिकलेल्या माणसाला त्यांनी आणलं होतं तिलाही सापडेनात. शेवटी मी काहीतरी बोलायचं म्हणून टीव्हीवरच्या कुस्तीचं सांगायला लागले. हिरवा मुखवटा, कॅसेट, दंड दाबणं. माझं मलाच कळत होतं की हे सगळं किती वेड्यासारखं वाटतंय. निवृत्ती मात्र शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर सर एकदम म्हणाले, "निवृत्ती, आपलं ठरलं होतं. मी मोडलं. माफी मागायला आलोय."

निवृत्तींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तीस वर्षं कुठं होतास?"

"तोंड नव्हतं यायला."

"खांदा सहा महिन्यांत दुखायचा राहिला, दगड्या. लग्नात गळ्यात झोळी अडकवून उभा होतो, अंगाला हळद लागलेली, आणि येईल त्याला इचारत होतो, दगड्या आला का, दगड्या आला का. ते दुखलं."  मग माझ्याकडे न बघता, सरांकडेही न बघता म्हणाले, "आणि तू आला नाहीस ते एका अर्थी बरंच झालं. आला असतास तर मला खरं सांगावं लागलं असतं."

"कसलं खरं?"

"माझा हात तुझ्यापुढं आला कशाला होता? आठव की. मी तुझा पाय धरायला वाकलो होतो. ते काय ठरलेलं होतं? लोक बांगड्या भरा म्हणत होते, माझं बी डोकं फिरलं. म्हटलं, दगड्याला गाफील पाडतो. तू माझ्यापेक्षा चपळ निघालास, बस. पण मागून तालमीतल्या लोकांनी तुलाच शिव्या घातल्या. वस्तादानं तुझ्याशी बोलणं टाकलं. आन् मी गप ऱ्हायलो. मला सगळे बिचारा म्हणत होते ना."

 सर उठले. मला वाटलं, आता हे मारतात की काय. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "तीस वर्षं, निवृत्ती!" एवढंच म्हणाले आणि चालत जाऊन कांद्याच्या एका ढिगापाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. निवृत्तींनी डोळे मिटून घेतले होते. मी दोघांचे ग्लास हातात धरून बसले होते, ते का उचलले होते ते मलाही माहीत नाही.

बऱ्याच वेळाने सर वळले. त्यांचा चेहरा बदलला होता. ते भरभर आले आणि म्हणाले, "उठ. दाखव मला. कोणता पाय?"

"डावा."

"डावा कसा? डावा तर मागं होता माझा."

"पुढं होता. उभा राहा, दाखवतो."

आणि कांद्याच्या बाजारात, ट्रॅक्टरांच्या मधल्या जागेत, पन्नाशी उलटलेले ते दोघं एकमेकांना भिडले. निवृत्ती वाकले, सरांच्या डाव्या पायाला हात घातला. सरांनी तो हात काखेत घेतला. "हळू," निवृत्ती म्हणाले, "तोच खांदा हाय." "माहीत आहे," सर म्हणाले. "तुझा हात इथं होता, म्हणून माझी ढाक लागली. नाहीतर लागलीच नसती! मला कधी सुचलंच नाही की हात इथं आला कसा!" हमाल जमले, शेतकरी जमले. कुणीतरी विचारलं, "निवृत्तीबाबा, कुस्ती हाय का?" निवृत्ती वाकलेल्या अवस्थेतच ओरडले, "हाय! नुरा हाय!" आणि सर हसायला लागले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता दोघं तसेच एकमेकांच्या गळ्यात पडले.

परतीच्या एसटीत सर निफाड यायच्या आतच झोपले, पार नाशिकचा स्टँड येईपर्यंत. काकू अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी सरांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पानं घ्यायला आत गेल्या.

त्यानंतरच्या जूनमध्ये सरांनी पाचवीच्या मुलांना पडायला शिकवलं आणि जुलैत पहिला डाव शिकवला. दोन वर्षांनी आमच्या शाळेचा संघ तालुक्याला गेला. पहिल्याच फेरीत हरून आला, आणि सर सगळ्यांना सांगत फिरले, "काय पडली पोरं! एकालाही खरचटलं नाही!"

ते निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन गावी गेले. जाताना माझ्या आईच्या पाया पडले. मला म्हणाले, "पोरी, तू ती कॅसेट लावली नसतीस तर मी झाडांनाच पाणी घालत बसलो असतो." गावी गेल्यावर त्यांनी पहिली वस्तू घेतली ती टीव्ही. दुसरी फोन. रविवारी दुपारी ते सिन्नरकडे आणि निवृत्ती विंचूरला, दोघं आपापल्या टीव्हीसमोर बसत आणि फोनवर कुस्ती बघत. मी कधी गेले तर ऐकायला मिळे. "पडला का?" "पडला! बेस पडला!" लिलावाचा तो आवाज फोनमधून साऱ्या खोलीत घुमायचा. काकू म्हणायच्या, "दोघांना फोन कशाला लागतो, नुसते ओरडले तरी ऐकू येईल."

सर गेले तेव्हा माझं लग्न होऊन मला मुलगीही झाली होती. काही आजारपण नव्हतं. दुपारी जेवून पडले, ते उठले नाहीत. मला पोचायला उशीर झाला. तेराव्याला गेले तेव्हा रविवार होता. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. घरात काकू, निवृत्ती आणि मी एवढेच उरलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेरा दिवस त्या जागेवरून फारशा हलल्या नव्हत्या, असं शेजारीण सांगत होती. निवृत्तींचं लक्ष दोनदा घड्याळाकडे गेलं आणि त्यांनी दोन्ही वेळा नजर खाली वळवली.

"लावा की," काकू म्हणाल्या. "यांनी पण लावलाच असता."

निवृत्तींनी टीव्ही लावला. मला ओळखीचं कुणीच नव्हतं, सगळे नवे पैलवान. एका दांडग्या माणसाने दुसऱ्याला उचलून आपटलं आणि त्याच्यावर आडवा पडला. पंच गुडघ्यावर बसून हाताने फळी ठोकत आकडे मोजू लागला; तीन होईपर्यंत खालच्याने खांदा उचलला नाही तर तो हरला. खालचा हलत नव्हता. काकूंनी ही कुस्ती एवढ्या वर्षांत कधी धड पाहिली नव्हती. त्या पुढे सरकल्या.

"हा उठणार का हो, भाऊजी?"

"उठणार, वहिनी," निवृत्ती म्हणाले. "ठरलेलं हाय."

आम्ही तिघं श्वास रोखून बघत राहिलो. पंचाचा हात तिसऱ्यांदा खाली येता येता त्या माणसाने खांदा उचलला.

"उठला गं बाई," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.